आकड्याला धनी हवा

लघुउद्योजकांसाठी भरणाऱ्या डिजिटल कार्यशाळांमध्ये एक आकृती हमखास पडद्यावर येते. डावीकडे टॅली, एक्सेल, व्हॉट्सॲप, हजेरीचं यंत्र, वजनकाटा अशा चौकटी आणि त्यांच्यामधून गेलेल्या वेड्यावाकड्या रेषा. उजवीकडे एकच मोठी निळी चौकट, तिच्यात ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. मधे जाडसर बाण. वक्ते सांगतात, तुम्ही आज डावीकडे आहात, उजवीकडे यायचं आहे. जुनं सगळं बंद करा, एका छताखाली या, नोंद एकदाच करा आणि मालकाने मोबाइलवर सगळा कारखाना बघावा. समोरचे माना डोलावतात, कारण डावीकडचा गुंता त्यांच्या रोजच्या ओळखीचा असतो.

माझं म्हणणं असं की या आकृतीची उजवी बाजू खोटी आहे. आणि डावी बाजू दाखवतात तितकी वाईट नाही.

भोसरी, शिरोली, अंबड, वाळूज, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतला चाळीसेक माणसांचा मशीनिंगचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. हिशेब टॅलीत. उत्पादनाचा रोजचा अहवाल एक्सेलमध्ये, तो सुपरवायझर भरतो. गेटवरचं आवक-जावक रजिस्टर अजून कागदी. जॉबवर्कला गेलेल्या मालाची चलनं फाइलीत आणि त्यांची यादी दुसऱ्या एका एक्सेलमध्ये. बोट लावून हजेरी घेणारं यंत्र आणि त्याचं एकाच जुन्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर. नेटबँकिंग. जीएसटी, ई-वे बिल, भविष्य निर्वाह निधी अशी सरकारी पोर्टलं. शिवाय मोठी गिऱ्हाइकं जितकी, तितकी त्यांची पुरवठादारांसाठीची पोर्टलं, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि तो अकाउंटंटच्या डायरीत.

हा पसारा आळसातून झालेला नाही. टॅली १९८६ पासून आहे आणि लहान धंद्यात ते रुजलं याचं एक साधं कारण म्हणजे अकाउंटंट सोडून गेला तर दुसरा आठ दिवसांत मिळतो आणि त्याला टॅली येतच असतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याचं पोर्टल आलं. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवरच्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं आणि ती मर्यादा पायरीपायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर आली, म्हणजे थेट आपल्या या कारखान्याच्या दारात. प्रत्येक वेळी कारखानदाराने हाताशी होतं त्याला नवा तुकडा जोडला आणि माल पाठवणं एक दिवसही थांबवलं नाही. सल्लागार ज्याला गोंधळ म्हणतात तो बराचसा कायद्याच्या आणि गिऱ्हाइकांच्या मागण्यांचा इतिहास आहे.

आता ‘एका छताखाली’ या वचनाकडे येऊ. दुपारी चार वाजता गाडी दारात लागली आहे, एका पार्टचे दोनशे नग जायचे आहेत. अकाउंटंट टॅलीत बिल करतो. तिथूनच ते सरकारच्या नोंदणी पोर्टलवर जातं आणि क्यूआर कोडसह परत येतं, ई-वे बिलही त्याच झटक्यात निघू शकतं. मग तो गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर जातो, ‘माल निघाला’ याची आगाऊ सूचना भरतो: पीओ नंबर, पीओतली ओळ, बिल नंबर, नग, गाडी नंबर. मग डिस्पॅचच्या एक्सेलमध्ये एक ओळ. मग बिलाचा फोटो काढून गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला व्हॉट्सॲप. तेच दोनशे नग चार जागी. हा वेळेचा नाश आहे हे मला मान्य आहे. चारांपैकी एका जागी दोनशेचे दोन हजार झाले तर पैसे अडकतात हेही मान्य.

पण ईआरपी आल्यावर या चारांतलं नेमकं काय जातं? सरकारी पोर्टलची जोडणी टॅलीत आधीच आहे, ईआरपीतही तशीच असेल. गिऱ्हाइकाचं पोर्टल गिऱ्हाइकाचं आहे; चाळीस माणसांच्या कारखान्यासाठी ते आपलं दार बदलणार नाही. बँक बँकेच्या जागी राहते. व्हॉट्सॲप तर कोणाच्या बापाचं ऐकत नाही. जाते ती फक्त एक्सेलमधली ओळ. आकृतीतल्या उजव्या निळ्या चौकटीभोवती प्रामाणिकपणे रेषा काढल्या तर ती बाजूही डावीसारखीच दिसू लागेल, कारण लहान कारखान्याच्या गुंत्यातली बरीचशी टोकं कारखान्याच्या बाहेर आहेत. छत कितीही मोठं घेतलं तरी ती बाहेरच राहणार.

‘नोंद एकदाच’ हा मुद्दा मात्र एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही. तोच विरोधी पक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, आणि त्याच्या मुळाशी गेलं की माझं म्हणणं सुरू होतं.

त्या दोनशे नगांच्या पार्टला काय म्हणायचं? गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर एक क्रमांक आहे आणि पुढे रिव्हिजनचं अक्षर. टॅलीत ‘हाऊसिंग ४० एमएम’ आहे, त्याच्या खाली ‘हाऊसिंग ४०एमएम नवीन’ आहे आणि कधीतरी शिकाऊ मुलाने घातलेलं ‘हौसिंग ४०’ आहे. कास्टिंग पुरवणारा त्याला पॅटर्न नंबरने ओळखतो. शॉपवर त्याचं नाव ‘मोठी बादली’. चारही नावं ज्याच्या त्याच्या जागी बरोबर आहेत. कोणतं नाव कोणत्या नावाचं हे एका माणसाच्या डोक्यात असतं, बहुधा डिस्पॅच बघणाऱ्याच्या, आणि तो रजेवर गेला की चुकीचं रिव्हिजन गाडीत चढतं.

ईआरपीवाले येतात तेव्हा पहिल्याच आठवड्यात टॅलीतून आयटम मास्टर काढून नव्या यंत्रणेत ओततात. तिन्ही हाऊसिंग आत जातात. स्टोअरमधला माणूस यादीतलं जे आधी दिसेल ते निवडतो. आवक एका हाऊसिंगला, जावक दुसऱ्याला. दोन महिन्यांत एकाचा स्टॉक फुगतो, दुसऱ्याचा वजा होतो, आणि वजा स्टॉकवर बिल करू द्यायचं नाही असं यंत्रणेत ठरवलेलं असेल तर गाडी दारात उभी राहते. मग कोणीतरी ‘तात्पुरतं’ ते बंधन काढतो. मग स्टोअरवाला स्वतःपुरती एक्सेल परत उघडतो, कारण त्याला खरा स्टॉक माहीत असणं भाग आहे. तीन वह्या मोडून एक करायला निघालेल्या मालकाकडे आता चार वह्या झालेल्या असतात, आणि चौथीचं वार्षिक देखभालीचं बिल येत असतं.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. त्या पार्टचं नाव ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. प्रत्येक आकड्याला, प्रत्येक नावाला कारखान्यात एक धनी लागतो. पार्टीचं नाव आणि जीएसटी क्रमांक यांचा धनी अकाउंटंट. पार्ट नंबर आणि रिव्हिजनचा धनी, ज्याच्या हातात ड्रॉइंग येतं तो. दराचा धनी पीओ स्वीकारणारा, म्हणजे आपल्याकडे मालक. हजेरीचं यंत्र फक्त वेळ सांगतं; ओव्हरटाइम मान्य करण्याचा धनी सुपरवायझर. बाकीच्यांनी वाचायचं, वापरायचं, चूक दिसली तर धन्याला सांगायचं, परस्पर बदलायचं नाही. हे एका कागदावर लिहून काढलं की जोडणीचं अर्ध्याहून जास्त काम झालं, आणि त्या कागदाला परवाना लागत नाही. टॅलीत आयटमला पर्यायी नाव देण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. तिथे ड्रॉइंगचा क्रमांक घातला तर ‘मोठी बादली’ आणि गिऱ्हाइकाचं पोर्टल यांची गाठ नवं काहीही विकत न घेता पडते. मी म्हणतो ते इतकं साधं आहे, म्हणूनच बहुधा त्याची कार्यशाळा होत नाही.

धनी नसल्याची किंमत काय पडते त्याचा एक नमुना. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच गिऱ्हाइकाचे पुण्यात आणि गोव्यातल्या वेर्ण्यात कारखाने असतील तर पॅन एक आणि जीएसटी क्रमांक दोन. टॅलीत त्या पार्टीची दोन लेजर आहेत, डिस्पॅचच्या एक्सेलमध्ये नाव एकच. माल वेर्ण्याला जातो, बिल पुण्याच्या क्रमांकावर पडतं. यंत्रणा कुरकुर करत नाही, कारण क्रमांक खरा आहे. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला गिऱ्हाइकाचं टू-बी विवरण, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटची यादी, तयार होतं, त्यात हे बिल वेर्ण्याच्या नोंदणीत दिसतच नाही. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. गिऱ्हाइक पेमेंट थांबवतं, क्रेडिट नोट काढा, नवं बिल करा, आणि तोवर दोन महिने गेलेले. जगातली कोणतीही ईआरपी ही चूक पकडणार नाही, जोवर ‘कोणत्या पत्त्याला कोणता क्रमांक’ याचा एक धनी आणि एकच यादी नाही.

आपल्याकडे हा विचार नवा मुळीच नाही. रोजकीर्द आणि खतावणी या दोन वेगळ्या वह्याच होत्या, आणि कोणी त्यांची एक वही करायला निघालं नाही. कीर्दीत व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशी उतरायचा, मग तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायचा, आणि कीर्दीत ‘खाते पान’ या रकान्यात त्या खात्याचं पान लिहिलं जायचं. तो पानाचा आकडा ही जोडणी. नोंद उगमाला एकदाच, तिचा धनी कीर्द लिहिणारा. पुढे तिची नक्कल. आणि दोन्हींना बांधणारा क्रमांक. शेवटी तेरीज जुळली नाही तर त्या क्रमांकांच्या वाटेने मागे जायचं. आजच्या बिलाचा नंबर, चलनाचा नंबर, पीओतली ओळ यांचं काम तेच आहे. सगळं एका वहीत कोंबण्याची हौस सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची. हिशेबनीसाला ती कधी लागली नव्हती.

यावर उत्तर मिळतं की मोठ्या कंपन्या तर ईआरपीवरच चालतात. चालतात, आणि कधी कधी आपटतातही. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने २०११ च्या सुमारास सुरू केलेला एसएपीचा प्रकल्प २०१८ मध्ये गुंडाळला; बातम्यांतून आलेला खर्चाचा आकडा सुमारे पन्नास कोटी युरोंचा होता. अडचणींपैकी जिची चर्चा सर्वाधिक झाली ती अगदी वाणसामानाच्या दुकानातली वाटावी अशी होती: लिडल मालाचं मोल खरेदीच्या भावाने धरत असे, तयार प्रणाली विक्रीच्या भावाने. कंपनीने आपली रीत सोडली नाही, प्रणालीला वाकवत राहिली. सल्लागार मंडळी ही गोष्ट स्वतःच्या बाजूने सांगतात: बघा, तयार प्रणालीप्रमाणे स्वतःला बदललं नाही की असं होतं. मला त्यातून उलटं दिसतं. खरेदीचा भाव धरायचा की विक्रीचा, हा धंद्याचा निर्णय होता. तो सॉफ्टवेअरच्या खरेदीआधी टेबलावर यायला हवा होता आणि पैसे ओतायला सुरुवात झाल्यावर आला. लिडलला पन्नास कोटी युरो सोसले. आपल्या कारखान्याला दोन महिने बिघडलेला डिस्पॅचही सोसत नाही.

लहान संस्थेत खर्चाचा खरा आकडा परवान्याच्या रकमेत नसतोच. मोठ्या कंपनीत प्रकल्पासाठी चार माणसं बाजूला काढतात. इथे ज्याला सगळं माहीत आहे तोच बिलं करतो, तोच गाडी भरतो, तोच गिऱ्हाइकाचा फोन घेतो. ईआरपीच्या प्रशिक्षणाला तो बसला की कारखाना थांबतो, नाही बसला की ईआरपी थांबते. त्यात ‘महिनाभर जुनी-नवी दोन्ही समांतर चालवा’ हा सल्ला. ई-इनव्हॉइसची ओळख ठरवणारा चौसष्ट अक्षरांचा क्रमांक पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून बनतो. तोच बिल नंबर दुसऱ्या यंत्रणेतून पुन्हा पाठवला तर पोर्टल नाकारतं. दुसऱ्या मालिकेतून पाठवला तर एकाच विक्रीची दोन बिलं सरकारदरबारी लागतात. म्हणजे बिलांपुरतं समांतर चालवणं शक्यच नाही, बिलं एकाच जागेहून निघणार. हे साधं बंधन सांगणारा विक्रेता मला क्वचित भेटला आहे.

ईआरपीला माझा सरसकट विरोध नाही. औषधं, खाद्यपदार्थ अशा धंद्यात प्रत्येक बॅचचा माग मागे-पुढे लागतो. पाच ठिकाणी स्टॉक असतो. एका मालात दीडशे भाग आणि त्या भागांत आणखी भाग. तिथे तुकडे जोडत बसणं मूर्खपणाचं आहे. दुसरं उदाहरण सहकाराचं. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशभरातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, सगळ्यांना एकच सामाईक सॉफ्टवेअर. गावोगावच्या या संस्था, म्हणजे विकास सोसायट्या, तेच पीककर्ज देतात, त्याच जिल्हा बँकेला हिशेब देतात, काम एकसारखं आणि वरचा धनी एकच. तिथे एक छत शहाणपणाचं आहे. पण त्या तर्काने भोसरीतल्या कारखान्याला हाकता येत नाही, कारण त्याच्या शेजारच्या गाळ्यात वेगळाच माल, वेगळंच गिऱ्हाइक आणि वेगळीच कामाची रीत आहे. ‘उद्या वाढलात तर?’ या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: वाढल्यावर ईआरपी घ्यावीच लागली, तर स्वच्छ आयटम मास्टर आणि धन्यांचा कागद घेऊन जाणारा कारखाना तिथे नीट उतरेल. हे काम कुठल्याच वाटेने वाया जात नाही.

मग जोडायचं काय आणि कसं? जिथे तोच आकडा दोनदा टंकला जातो आणि चुकला तर पैसा किंवा गिऱ्हाइक जातं, तिथेच. आपल्या कारखान्यात अशा दोन जागा मला दिसतात. पहिली डिस्पॅच, तिचं वर्णन झालंच. दुसरी जॉबवर्क. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला चलनावर गेलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर कायद्याने तो गेला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. चलनांची यादी एका एक्सेलमध्ये आणि माल आत आल्याची नोंद गेटच्या कागदी रजिस्टरमध्ये असेल, तर वर्ष उलटून गेल्याचं ऑडिटलाच कळतं. इथे गेटवर चलन नंबर लिहिणं सक्तीचं करणं आणि रोज संध्याकाळी त्या नंबरांवरून दोन याद्या जुळवणं, एवढीच जोडणी पुरते. गेटवर टॅब्लेट दिला तर छान. नाही दिला तरी चालतं.

तांत्रिक बाजू लोकांना वाटते तितकी बंद नाही. टॅली स्वतःच सर्व्हरसारखं चालू शकतं, साधारणपणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, एक्सएमएलमध्ये विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतं आणि बाहेरून व्हाउचर घेतं. एक्सेल ओडीबीसीने त्यातल्या याद्या थेट वाचू शकतं. टीडीएल ही टॅलीची भाषा लिहिणारी मंडळी बहुतेक शहरांत आहेत. हजेरीच्या यंत्रातून बहुधा फाइल निघते, बँकेतून निघते. कोणत्याही गावातला बरा प्रोग्रॅमर दोन-चार आठवड्यांत यातून उपयोगी काहीतरी बांधेल. (फक्त ते पोर्ट कारखान्याच्या आतच ठेवा. ‘घरून बघता यावं’ म्हणून ते इंटरनेटवर मोकळं सोडणं म्हणजे आपला हिशेब चव्हाट्यावर मांडणं.)

फाइलींनी जोडायला हसणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे हसायला कारण आहे. ई-वे बिलाचा बारा आकडी नंबर एक्सेलमध्ये साधा चिकटवला की १.२३ई+११ असा काहीतरी दिसू लागतो. पंधरा आकड्यांपुढचं एक्सेल धरतच नाही, पुढे शून्यं भरतं, म्हणून सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा गुपचूप मरतो. ०३/०४ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून १५,८४१ कोविड रुग्ण काही दिवस गळाले, कारण प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली जुन्या एक्सेल प्रकारात भरल्या जात होत्या आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. उरलेल्या ओळी नुसत्या पडल्या, कोणी ओरडलं नाही.

पण यावरचा इलाज कोणत्याही रोखपालाला ठाऊक आहे. पाठवताना ओळी किती आणि रकमेची बेरीज किती हे सोबत पाठवायचं, घेताना दोन्ही मोजायचं, जुळलं नाही तर काहीच आत घ्यायचं नाही, आणि न जुळलेल्यांची यादी एका माणसाच्या नावाने काढायची. इंग्लंडमध्ये ही मोजणी असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ईआरपीच्या आतल्या जोडण्यांनाही हेच लागतं. तिथे ती मोजणी कोणी पाहत नाही, एवढाच काय तो फरक.

‘रिअल टाइम’चं वेडही इथेच उतरवून ठेवायला हवं. टू-बी महिन्यातून एकदा बनतं. पगार महिन्यातून एकदा. बँकेचा मेळ रोज एकदा पुरतो. या सगळ्यांना क्षणाक्षणाला जोडून मालकाच्या मोबाइलवर नाचणारे आलेख मिळतात, दुसरं काही मिळत नाही. घाई खरी फक्त डिस्पॅचला, कारण गाडी हलण्याआधी बिलावर क्यूआर हवा. रात्री एकदा चालणाऱ्या जोडणीत चूक झाली तर सकाळी ती दिसते आणि पुढच्या गाडीआधी निस्तरता येते. क्षणात चालणाऱ्या जोडणीतली चूक क्षणात चार जागी पसरते.

एवढं वाचून एखादा कारखानदार खुशीत म्हणेल, म्हणजे आमचं चाललंय तेच बरं. तसं नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं कायद्याने आवश्यक आहे. प्रायव्हेट लिमिटेडची पुस्तकं एक्सेलमध्ये ठेवणारा यात सरळ अडकतो. आयकराच्या ४३बी(एच) कलमाने आणखी एक आकडा धनी मागत आला: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक व सेवा पुरवठादाराचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर ती वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. म्हणजे कोणता पुरवठादार उद्यम नोंदणीत कोणत्या वर्गात आहे, नुसता व्यापारी तर नाही ना, हे कोणीतरी विचारून एका जागी नोंदवलं पाहिजे. खरेदीवाला म्हणतो हे अकाउंट्सचं, अकाउंटंट म्हणतो हे खरेदीचं, आणि मार्चअखेर सीए सगळ्यांना फोन लावत बसतो.

पतसंस्थांमध्ये तर ‘चाललंय ते’ची किंमत वेगळीच आहे. जुन्या डॉस किंवा फॉक्सप्रोमधल्या प्रोग्रॅममध्ये सभासदांची नावं युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत पडली आहेत. त्या फॉन्टाशिवाय ती नावं उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं घसरतात, आणि केवायसीला नाव आधारवरच्या नावाशी पडताळावं लागतं. तो प्रोग्रॅम लिहिणारा गाठीशी आहे तोवर हे सोडवून घ्यायला हवं. अशा अनेक संस्थांत तो माणूस केव्हाच निवृत्त झाला आहे. इथे माझं आणि ईआरपीवाल्यांचं एकमत आहे की हलायला हवं. पण आधी नावं शुद्ध करा आणि मग हला, एवढा क्रमाचा वाद आहे, आणि कोटेशनमध्ये तो क्रम उलटा असतो.

कोटेशनचं म्हणाल तर त्यात ‘डेटा मायग्रेशन’ अशी एक ओळ असते, तिच्यासमोर एक गोल रक्कम. ती फोडून मागा. आयटम मास्टर साफ करायला कोण बसणार, तुमचा माणूस की आमचा, किती दिवस, आणि त्या दिवसांत डिस्पॅच कोण बघणार? दोन वर्षांनी पटलं नाही तर आमचा सगळा डेटा, बिलांच्या जोडलेल्या क्रमांकांसकट, कोणत्या रूपात परत मिळेल? पहिल्या प्रश्नाला विक्रेते हसून ‘ते होऊन जाईल’ म्हणतात. दुसऱ्याला क्लाउडचं माहात्म्य सुरू होतं.

मला या कारखान्याचं काम दिलं तर मी ऑर्डरी मंद असलेल्या महिन्यात आयटम मास्टर आणि पार्टींची यादी घेऊन बसेन, धन्यांचा कागद मालकाच्या सहीने भिंतीवर लावेन, मग टॅलीतल्या बिलावरून गिऱ्हाइकाच्या पोर्टलला चढवायची फाइल आपोआप बनेल एवढी एक जोडणी करेन, कारण बरीच पोर्टलं फाइल घेतात आणि ते कोणी विचारलेलं नसतं. त्यानंतर जॉबवर्कची चलनं. हजेरीचं यंत्र आणि पगाराची एक्सेल यांना मी हातही लावणार नाही. महिन्यातून एकदा चाळीस ओळी इथून तिथे चिकटवायला अर्धा तास जातो, तेवढ्यात सुपरवायझर ओव्हरटाइमच्या प्रत्येक ओळीवर नजर टाकतो, आणि मागच्या आठवड्यात कोण दोन तास आधी निघून गेला हे यंत्राला नसलं तरी त्याला माहीत असतं.